आराखडा आणि घडण : सहसंयुज कार्बनी चौकटींच्या निर्मितीत घटकरेणूंच्या रचनेचे स्थान
(पुण्यातील संशोधनाच्या संदर्भात एक समीक्षा)

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत पदार्थरसायनाच्या वाङ्मयात ‘डिझाइन’ हा शब्द फार सढळपणे वापरला जाऊ लागला आहे. अमुक आकाराचे रेणू निवडले की तमुक आकाराचा पदार्थ तयार होतो, अशा स्वरूपाची विधाने शोधनिबंधांच्या प्रास्ताविकात सर्रास आढळतात. सहसंयुज कार्बनी चौकटी, म्हणजेच संक्षेपाने ‘सीओएफ’, या पदार्थवर्गाच्या बाबतीत तर हा शब्द जणू गृहीतकच बनला आहे. हे गृहीतक कितपत खरे आहे आणि कोठे अपुरे पडते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २०१२ ते २०१७ या काळात झालेले संशोधन आधारभूत मानले आहे. ते निवडण्याचे कारण केवळ प्रादेशिक जवळीक हे नाही. घटकरेणूंच्या रचनेविषयीची रूढ समजूत ज्या थोड्या ठिकाणी खऱ्या अर्थाने पुढे सरकली, त्यांपैकी हे एक ठिकाण आहे आणि त्या समजुतीच्या मर्यादाही तेथेच स्पष्टपणे दिसतात.

इतर विद्याशाखांतील अध्यापकांसाठी आरंभीच विषयाचा परिचय करून देणे उचित ठरेल. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, बोरॉन अशा हलक्या मूलद्रव्यांपासून बनलेले लहान, ताठ रेणू एकमेकांशी पक्क्या सहसंयुज बंधांनी जोडले जाऊन जे नियमित, सच्छिद्र, स्फटिकी जाळे तयार होते, त्यास सहसंयुज कार्बनी चौकट असे म्हणतात. जाळ्यातील छिद्रे सारख्या मापाची व सारख्या अंतरावर असतात. त्यामुळे वायूंची साठवण, पाण्यातील रंगद्रव्ये वेगळी करणे, उत्प्रेरकांना आधार देणे, प्रोटॉनचे वहन अशा अनेक कामांसाठी या पदार्थांचा विचार होतो. ज्या लहान रेणूंपासून ही चौकट उभी राहते त्यांना प्रस्तुत लेखात ‘घटकरेणू’ असे म्हटले आहे.

१. संकल्पनेची पार्श्वभूमी

या पदार्थवर्गाचा आरंभ २००५ साली झाला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात ओमर याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात सीओएफ-१ व सीओएफ-५ या दोन चौकटींचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिलीत बेंझीनच्या कड्यावर समोरासमोर दोन बोरॉनिक आम्ल गट असलेला एकच रेणू स्वतःशीच जोडला गेला होता. दुसरीत त्याच रेणूची जोडी सहा हायड्रॉक्सिल गट असलेल्या चपट्या, त्रिभुजी ट्रायफिनिलीन रेणूशी लावली होती. या पदार्थांतील छिद्रांचे माप ७ ते २७ अँगस्ट्रॉम इतके होते, तर प्रति ग्रॅम पृष्ठफळ अनुक्रमे ७११ व १५९० चौरस मीटर भरले. याघी यांना २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमू कितागावा व रिचर्ड रॉबसन यांच्यासमवेत मिळाले, ते धातू-कार्बनी चौकटींसाठी. परंतु ‘घटक निवडा, जाळे ठरवा’ ही जी विचारपद्धती त्या कामामागे होती, तीच सीओएफच्या मुळाशीही आहे.

ही विचारपद्धती भूमितीवर उभी आहे. ज्या रेणूला १२० अंशांच्या अंतराने तीन हात आहेत तो त्रिभुजी घटक आणि ज्याला समोरासमोर दोन हात आहेत तो रेषीय घटक. त्रिभुजी व रेषीय घटक आळीपाळीने जोडले की मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी जाळे तयार व्हावे. चार दिशांना चार हात असलेला चौकोनी घटक व रेषीय घटक यांपासून चौकोनी छिद्रांचे जाळे, तर चतुष्फलकी घटकापासून त्रिमितीय जाळे तयार व्हावे. रेषीय घटक लांब घेतला की छिद्र मोठे होते. हा हिशेब कागदावर निर्दोष आहे आणि विद्यार्थ्यांना तो चटकन समजतो. त्याची लोकप्रियता या सुलभतेतच आहे.

मात्र या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. भिंत बांधताना वीट गवंडी रचतो आणि ओळंबा चुकला तर तोच ती काढून पुन्हा लावतो. येथे गवंडी कोणी नाही. द्रावणात फिरणारे अब्जावधी रेणू एकमेकांवर आदळून जोडले जातात. वाकड्या कोनात किंवा अर्धवट जोडले जाणे हे त्यांच्या बाबतीत अपवादात्मक नसून स्वाभाविक आहे. म्हणून जुळलेला बंध पुन्हा सुटू शकला पाहिजे, म्हणजेच अभिक्रिया प्रत्यावर्ती असली पाहिजे. चुकीचा जुळलेला हात सुटतो, पुन्हा जुळतो आणि हळूहळू सर्वांत स्थिर, नियमित मांडणी शिल्लक राहते. सीओएफ-१ व सीओएफ-५ यांच्या निर्मितीत बंद नळीत ७२ तास तापवावे लागले, त्याचे कारण ही सावकाश चालणारी चूक-दुरुस्ती होय. येथेच या विषयातील मूळ अंतर्विरोध दिसतो. जो बंध सहज सुटतो तोच चांगला स्फटिक घडवतो आणि जो बंध सहज सुटतो तोच पाण्यात टिकत नाही. बोरॉनवर आधारलेल्या पहिल्या चौकटी दमट हवेतही विघटित होऊ लागत, हे या अंतर्विरोधाचेच फळ होते.

२. भूमितीची मर्यादा

केवळ भूमितीने चौकट ठरते, या मताविरुद्धचा पहिला पुरावा याघी यांच्याच संशोधनात सापडतो. २००७ साली त्यांच्या गटाने चार त्रिमितीय चौकटी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी सीओएफ-१०५ व सीओएफ-१०८ या दोन्ही चतुष्फलकी व त्रिभुजी घटकांच्या संयोगातून तयार झाल्या. दोहोंतील त्रिभुजी घटक एकच आहे. चतुष्फलकी घटकांमधील भेद इतकाच, की एकाच्या केंद्रस्थानी सिलिकॉनचा अणू आहे, तर दुसऱ्याच्या केंद्रस्थानी कार्बनचा. आकार तोच, हातांची संख्या तीच, तरी दोन्ही चौकटींची जाळी भिन्न प्रकारची निघाली. त्या घटकांपासून दोन प्रकारची जाळी संभवतात हे भूमितीने आधीच सांगितले होते. त्यांतील कोणते प्रत्यक्षात येईल हे मात्र तिला सांगता आले नाही.

दुसरे उदाहरण सीओएफ-३०० या चौकटीचे. २००९ साली चार अमाइन गट असलेला चतुष्फलकी रेणू व रेषीय अल्डिहाइड यांपासून ती तयार झाली. हिऱ्यासारखे जाळे अपेक्षित होते व ते मिळालेही. परंतु छिद्रे इतकी मोठी पडत होती, की एका जाळ्याच्या पोकळीत दुसरे, तिसरे अशी पाच स्वतंत्र जाळी एकमेकांत गुंफली गेली. पुढे २०१८ साली चीन व अमेरिकेतील संशोधकांनी अभिक्रियेत अ‍ॅनिलीन मिसळून जोडणीचा वेग मुद्दाम मंदावला आणि मोठे एकल स्फटिक मिळवले. त्यांच्या क्ष-किरण अभ्यासात गुंफलेल्या जाळ्यांची संख्या सात निघाली. घटकरेणू तेच, जाळ्याचा प्रकार तोच, तरीही उपयोगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब, म्हणजे प्रत्यक्षात मोकळी राहणारी जागा, घटकाच्या आकाराने ठरली नाही. ती अभिक्रियेच्या परिस्थितीने ठरली.

तिसरा मुद्दा द्विमितीय चौकटींच्या थरांचा आहे. कागदावर एक षट्कोनी थर काढला म्हणजे पदार्थ झाला असे होत नाही. थरांवर थर बसतात आणि छिद्रे नळ्यांसारखी सलग राहतात की झाकली जातात, हे त्या बसण्यावर अवलंबून असते. आरंभीच्या निबंधांत थर एकमेकांवर तंतोतंत बसलेले दाखवले जात. लुकोसे, कुक व हाइने यांनी २०११ साली केलेल्या गणनांनी दाखवले, की तंतोतंत बसण्यापेक्षा थर सुमारे १.४ अँगस्ट्रॉमने सरकलेले असणे ऊर्जेच्या दृष्टीने अधिक सोयीचे आहे. थरांमधील ही आकर्षणे घटकरेणूच्या बाह्यरेषेतून वाचता येत नाहीत. त्यासाठी त्याच्या पृष्ठावरील विद्युतभाराची वाटणी पाहावी लागते.

तात्पर्य, भूमिती शक्यतांची यादी देते, पण त्यांतील निवड करत नाही. घटकरेणूच्या रचनेत आकाराखेरीज आणखी काहीतरी अंतर्भूत असले पाहिजे. ते काय असावे, या प्रश्नाला पुण्यात एक महत्त्वाचे उत्तर मिळाले.

३. पुण्यातील प्रयोग : बंधाच्या स्वभावाची रचना

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’मध्ये टीपीपीए-१ व टीपीपीए-२ या दोन चौकटी प्रसिद्ध केल्या. शरथ कंदंबेथ हे त्या निबंधाचे पहिले लेखक होत. या कामाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी ते एका आधीच्या चौकटीशेजारी ठेवून पाहावे लागते. २०११ साली चीनमधील लांझोऊ विद्यापीठात सीओएफ-एलझेडयू१ ही चौकट तयार झाली होती. तीत बेंझीनच्या कड्यावर तीन अल्डिहाइड गट असलेला त्रिभुजी रेणू व दोन अमाइन गट असलेला पॅराफिनिलिनडायअमाइन हा रेषीय रेणू इमाइन बंधाने जोडले होते. पुण्यातील टीपीपीए-१मध्ये रेषीय रेणू तोच आहे. त्रिभुजी रेणूची भूमितीही तीच आहे. फरक इतकाच, की अल्डिहाइड गटांच्या मधल्या तीन जागी हायड्रोजनऐवजी हायड्रॉक्सिल गट आहेत. या रेणूला ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल असे म्हणतात.

आकाराच्या हिशेबात या तीन हायड्रॉक्सिल गटांना काहीच स्थान नाही. त्यांच्यामुळे हातांची संख्या बदलत नाही, कोन बदलत नाही, छिद्राचे मापही जवळपास तेच राहते. रसायनाच्या हिशेबात मात्र ते सर्वस्व आहेत. अल्डिहाइड व अमाइन यांच्यात प्रथम नेहमीचा, सुटू शकणारा इमाइन बंध तयार होतो आणि त्या काळात चुकांची दुरुस्ती होऊ शकते. त्यानंतर शेजारच्या हायड्रॉक्सिलमधील हायड्रोजन नायट्रोजनकडे सरकतो, इनॉल रूपाचे कीटो रूप होते आणि मूळ इमाइन बंध उरतच नाही. अवरक्त वर्णपटात हायड्रॉक्सिलच्या व इमाइनच्या खुणा नसणे आणि कार्बन-१३च्या चुंबकीय अनुनाद वर्णपटात १८० पीपीएमच्या आसपास कार्बोनिलची खूण दिसणे, हा या रूपांतराचा पुरावा होय. या दुसऱ्या पायरीत अणू आपल्या जागा फारशा सोडत नाहीत, मुख्यतः बंधांची मांडणी बदलते. त्यामुळे तयार झालेला स्फटिक मोडत नाही. परिणामी हा पदार्थ उकळत्या पाण्यात व ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात टिकला. टीपीपीए-२मध्ये अमाइनच्या कड्यावर दोन मिथिल गट अधिक आहेत. ती ९ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्येही टिकली. बंधाजवळील जलविरोधी मिथिल गटांनी त्याचे रक्षण केले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मात्र मिथिल गटांनी छिद्रातील जागाही व्यापली. प्रति ग्रॅम पृष्ठफळ टीपीपीए-१चे ५३५, तर टीपीपीए-२चे ३३९ चौरस मीटर आढळले.

या कामातील खरी नवीनता पदार्थाच्या आकारात नाही. आधी सुटू शकणारा आणि नंतर न सुटणारा असा कालक्रम घटकरेणूतच रचून ठेवणे, ही ती नवीनता होय. घटकरेणूची रचना म्हणजे त्याच्या आकृतीची रचना, या समजुतीच्या जागी घटकरेणूची रचना म्हणजे त्याच्या अभिक्रियेच्या वर्तनाची रचना, ही अधिक सखोल समजूत त्यातून पुढे आली. त्याच गटाने २०१३ साली ‘अँगेवांटे केमी’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पॉर्फिरिन चौकटींतही हेच सूत्र दिसते. अल्डिहाइडशेजारी हायड्रॉक्सिल गट ठेवला की तो इमाइनच्या नायट्रोजनशी हायड्रोजन बंध करतो, कडे सपाट राहते आणि स्फटिकता व टिकाऊपणा दोन्ही वाढतात. हायड्रॉक्सिलच्या जागी मिथॉक्सी गट ठेवून केलेल्या तुलनेत गुणवत्ता उतरली. अशी नियंत्रित तुलना, म्हणजे एकच गट बदलून बाकी सर्व तेच ठेवणे, ही या क्षेत्रात दुर्मीळ असून ती या संशोधनाची जमेची बाजू आहे.

तथापि त्यावरून सामान्य नियम काढण्याची घाई करता येत नाही. २०१५ साली जपानमध्ये डोंगलिन जिआंग यांच्या गटाने इमाइन चौकटीच्या कडांवर मिथॉक्सी गट बसवले, तेव्हा पदार्थाची स्फटिकता व टिकाऊपणा वाढला. तेथे मिथॉक्सी गटाने इमाइन बंधांवरील ध्रुवीयता सौम्य करून थरांमधील अपकर्षण कमी केले, असे स्पष्टीकरण दिले गेले. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. पुण्यातील तुलना हायड्रॉक्सिलशी होती, जपानमधील तुलना गट नसलेल्या चौकटीशी. परंतु एकच गट एका संदर्भात उणा व दुसऱ्या संदर्भात अधिक ठरतो, यावरून घटकगटांना ठरीव गुणधर्म चिकटवणे किती धोक्याचे आहे हे ध्यानात यावे.

४. तोच घटक, निराळी घडण

घटकरेणू निश्चित झाले म्हणजे पदार्थ निश्चित झाला, या मताची सर्वांत कठोर परीक्षा पुण्यातीलच पुढच्या दोन प्रयोगांनी घेतली.

२०१३ साली बॅनर्जी यांच्या गटाने त्याच घटकरेणूंपासून टीपीपीए-१, टीपीपीए-२ व टीपीबीडी या चौकटी खलात घोटून, द्रावकाशिवाय, सामान्य तापमानाला तयार केल्या. बंद नळी, निर्वात अवस्था, तीन दिवसांचे तापवणे यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. रासायनिक टिकाऊपणाही तसाच मिळाला. मात्र स्फटिकता मध्यम प्रतीची राहिली, थर सुटे झाले आणि टीपीपीए-१चे पृष्ठफळ ५३५वरून ६१ चौरस मीटरवर आले. बंध तेच, रासायनिक संघटन तेच. पण सच्छिद्र पदार्थ म्हणून पाहिल्यास त्याची गुणवत्ता जवळजवळ नवव्या हिश्श्यावर आली. घोटण्यात अभिक्रिया इतकी झपाट्याने पूर्ण होते, की चुका दुरुस्त होण्यास अवसर मिळत नाही, हे त्याचे एक कारण संभवते.

येथे २०१२च्या कामातील एक अडचणही उघड होते. न सुटणारी दुसरी पायरी टिकाऊपणा देते, पण ती फार लवकर आली तर चुकाही कायमच्या पक्क्या करते. टिकाऊपणा व सुव्यवस्था यांचा मूळ अंतर्विरोध या घटकरेणूने सोडवलेला नाही, तो फक्त काळाच्या अक्षावर हलवला आहे. याची जाणीव त्या गटाच्या पुढच्या कामात स्पष्ट दिसते. २०१७ साली त्यांनी अमाइन थेट न वापरता प्रथम पॅरा-टोल्युइनसल्फोनिक आम्लाशी त्याचे लवण बनवले, त्यात अल्डिहाइड व थोडे पाणी घालून मळले आणि तो लगदा तापवला. कुंभाराने माती मळून, घडवून भाजावी तशी ही कृती असल्यामुळे तिला टेराकोटाचे नाव दिले गेले. लवणात बांधलेले अमाइन हळूहळू मोकळे होते, म्हणून जोडणीचा वेग आवरला जातो. या पद्धतीने काही सेकंदांच्या तापवण्यात प्रति ग्रॅम ३१०९ चौरस मीटरपर्यंत पृष्ठफळ असलेल्या चौकटी मिळाल्या आणि लवणातील हायड्रोजन बंधांच्या लांबीचा स्फटिकतेशी संबंध असल्याचे दाखवण्यात आले.

या तीन प्रयोगांचे एकत्र वाचन केले असता ‘घटकरेणू’ या संज्ञेचाच पुनर्विचार करावा लागतो. कागदावर काढलेला अमाइनचा रेणू आणि भांड्यात प्रत्यक्ष भाग घेणारे अमाइनचे लवण या दोन भिन्न वस्तू आहेत. संरचनेचे सूत्र पहिल्याचे लिहिले जाते. घडण दुसऱ्याच्या वर्तनाने ठरते. २०१६ साली अमेरिकेत विल्यम डिश्टेल यांच्या गटाने इमाइन चौकटीच्या अभ्यासात दाखवले, की प्रथम अस्फटिकी जाळे झटपट तयार होते व नंतर त्याचे सावकाश स्फटिकात रूपांतर होते. म्हणजे घटकरेणू थेट आपापल्या जागी जाऊन बसतात हे चित्रच अपुरे आहे. २०२२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात तर आधी सुटू शकणाऱ्या युरिया बंधांनी सुव्यवस्थित चौकट उभारून, नंतर ते दुवे काढून कीटो-इनॅमाइन बंध घडवण्यात आले. सुव्यवस्था व टिकाऊपणा या दोन पायऱ्या अशा जाणीवपूर्वक वेगळ्या करण्याची कल्पना पुण्यातील २०१२च्या सूत्राचा तर्कशुद्ध विस्तार होय.

पुण्यातच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) रामनाथन वैद्यनाथन यांच्या गटाने त्याच ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉलला सरळ अमाइनऐवजी ट्रायझोल कड्याचे अमाइन जोडले आणि आपोआप सुटे होणारे पातळ थर मिळवून लिथियम आयनांच्या साठवणीसाठी त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. थर घट्ट न बसणे हा एरवी दोष मानला जातो. येथे तोच गुण ठरला. रचना चांगली की वाईट हे उपयोग ठरवल्याशिवाय सांगता येत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

५. पुराव्याचा प्रश्न

‘डिझाइन’च्या दाव्याविषयी आणखी एक मूलभूत आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. बहुतेक चौकटी सूक्ष्म भुकटीच्या स्वरूपात मिळतात. एकल स्फटिक नसल्यामुळे संरचना थेट ठरवता येत नाही. अशा वेळी संगणकावर अपेक्षित संरचनेचे प्रतिमान बनवतात, त्यावरून क्ष-किरण विवर्तनाचा आलेख काढतात आणि प्रयोगातील आलेखाशी त्याची तुलना करतात. प्रयोगातील आलेखात अनेकदा एक ठळक व दोन-तीन रुंद, बुटके उंचवटे असतात. इतक्या तुटपुंज्या माहितीवर एकाहून अधिक प्रतिमाने बसू शकतात. जी संरचना आधी कल्पिली तीच शेवटी सिद्ध झाली असे म्हणण्यात चक्रापत्तीचा दोष संभवतो. सीओएफ-३००च्या बाबतीत भुकटीवरून काढलेला पाचाचा आकडा आणि एकल स्फटिकात आढळलेला सातचा आकडा यांतील अंतर हे या संदर्भात सूचक आहे.

दुसरा आक्षेप निवडक प्रसिद्धीचा. जे घटकरेणू जुळले त्यांचे निबंध होतात. जे जुळले नाहीत, ज्यांची केवळ अस्फटिकी माती झाली, त्यांची नोंद वाङ्मयात क्वचितच येते. यशांच्या यादीवरून काढलेला नियम हा नियम नसून निवडीचा परिणाम असू शकतो. अपयशी घटकरेणूंची पद्धतशीर नोंद झाल्याखेरीज रचना व घडण यांतील कार्यकारणसंबंध पूर्णपणे उलगडणार नाही.

तिसरा मुद्दा शब्दप्रयोगाचा. टीपी मालिकेतील दुसऱ्या पायरीला ‘अप्रत्यावर्ती’ म्हटले जाते. व्यवहारात ते मान्य करण्यासारखे आहे. परंतु २०१७च्या प्रयोगात आम्ल व पाणी यांच्या सान्निध्यात स्फटिकता लक्षणीयरीत्या सुधारते, यावरून बंध पक्का होण्यापूर्वीचा दुरुस्तीचा अवकाश लांबवता येतो हे उघड आहे. अप्रत्यावर्तिता हा येथे बंधाचा निरपेक्ष गुण नसून परिस्थितीसापेक्ष वेगांचा प्रश्न आहे. याखेरीज व्यवहाराच्या अंगाने पाहता, ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल हा रेणू डफ अभिक्रियेने तयार करताना उत्पादनाचे प्रमाण सामान्यतः कमी पडते. ज्या घटकरेणूवर संपूर्ण मालिका उभी आहे त्याचीच निर्मिती खर्चिक असेल, तर रचनेच्या मूल्यमापनात त्या खर्चाचाही हिशेब धरला पाहिजे.

६. महाविद्यालयीन संदर्भ

हा वाद केवळ मोठ्या प्रयोगशाळांपुरता नाही. शिरूर व दौंड तालुक्यांचे उदाहरण घेता येईल. शिरूर घोड नदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी वसले आहे. एका तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्यात कुरकुंभचे रासायनिक कारखाने आहेत. आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी सांडपाण्यातून रंगद्रव्ये अथवा धातूंचे आयन वेगळे करण्यासाठी सच्छिद्र पदार्थ सुचवायचा, तर पाण्यात विघटित होणारी बोरॉनची चौकट निरुपयोगी आहे, मग तिची भूमिती कितीही देखणी असो. अशा परिसरातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला टिकाऊपणाचा प्रश्न ‘पुढचा भाग’ म्हणून शिकवता येत नाही. तो घटकरेणूच्या निवडीतच अंतर्भूत आहे, असे शिकवावे लागते.

दुसरी बाब प्रकल्पकार्याची आहे. खलात घोटून चौकट तयार करण्याची पद्धत ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यातील वाटते. खल, बत्ता व दोन भुकट्या एवढेच साहित्य लागते आणि घोटताना रंग पालटलेला डोळ्यांना दिसतो. नेमका येथेच मोह आहे. रंग पालटणे म्हणजे बंध जुळणे. चौकट तयार होणे नव्हे. बंध जुळल्याची खूण अवरक्त वर्णपटात मिळेल, पण सुव्यवस्थेची खूण क्ष-किरण विवर्तनाशिवाय आणि छिद्रांची खूण नायट्रोजन शोषणाच्या मापनाशिवाय मिळत नाही. ही साधने बहुसंख्य तालुकास्तरीय महाविद्यालयांत नसतात; नमुने पुण्यास पाठवावे लागतात. ‘डिझाइन’वरील अढळ विश्वास अशा वेळी सोयीचा ठरतो, कारण घटक बरोबर घेतले म्हणजे पदार्थ झालाच, असे मानून प्रकल्पाचा अहवाल पूर्ण करता येतो. ५३५ व ६१ या दोन आकड्यांमधील अंतर हे या समजुतीस दिलेले पुरेसे उत्तर आहे. बंध जुळल्याचा पुरावा, सुव्यवस्थेचा पुरावा व सच्छिद्रतेचा पुरावा हे तीन वेगळे पुरावे आहेत आणि त्यांपैकी जो उपलब्ध नाही त्याचा दावा करू नये, एवढी शिस्त पदवी स्तरावरच रुजवणे शक्य आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घटकरेणूंची भूमिती चौकटीच्या शक्यतांची मर्यादा आखते, पण संभाव्य जाळ्यांतील निवड, गुंफण व थरांची मांडणी यांचा निर्णय ती एकटी करत नाही.

२) राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील २०१२च्या कामाने घटकरेणूच्या रचनेची कल्पना आकृतीकडून वर्तनाकडे नेली. तीन हायड्रॉक्सिल गटांनी भूमितीत काहीही न बदलता पदार्थाचे भवितव्य बदलले, हे त्याचे सार होय.

३) टिकाऊपणा व सुव्यवस्था यांचा अंतर्विरोध त्या रचनेने संपवला नाही, तो कालक्रमाचा प्रश्न बनवला. २०१३च्या व २०१७च्या प्रयोगांतील तफावत हा त्याचा पुरावा आहे.

४) म्हणून ‘डिझाइन’ हा शब्द वापरताना घटकरेणूचा आकार, बंधाचा स्वभाव व जोडणीचा वेग या तिन्हींचा निर्देश व्हावा. त्यांपैकी केवळ पहिल्याचा आधार असेल, तर त्यास आराखडा म्हणावे. घडण म्हणू नये.

५) अपयशी घटकरेणूंची नोंद प्रसिद्ध होणे आणि भुकटीच्या विवर्तन-आलेखांवरून काढलेल्या संरचनांविषयी संयम बाळगणे, या दोन गोष्टी या क्षेत्राच्या पुढील प्रगतीसाठी आवश्यक आहेत.

बॅनर्जी २०१७ साली कोलकाता येथील आयसरमध्ये गेले. तरी पुण्यात आकारास आलेले सूत्र जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जात आहे. त्या सूत्राचा योग्य गौरव त्याच्या यशाची यादी करण्यात नाही. घटकरेणूने काय साधले आणि काय त्याच्या आवाक्याबाहेर राहिले, याचा निखळ हिशेब मांडण्यात तो आहे. असा हिशेब वर्गात मांडला गेला, तर विद्यार्थ्याला तयार आकृतीबरोबर ती आकृती तपासण्याची रीतही मिळेल.